उसन्या कोडमध्ये केलेला बदल

दुसऱ्याने लिहिलेले पॅकेज, म्हणजे तयार कोडचा संच, वापरण्यात कमीपणा नाही आणि ते आपल्या गरजेप्रमाणे बदलून घेण्यातही नाही. मात्र काय बदलले आणि का बदलले याची नोंद न ठेवणे मला गैर वाटते, आणि हे मत अनुभवातून बनलेले आहे.

आमच्या प्रकल्पात तारखा वाचणाऱ्या एका पॅकेजची प्रत कोणीतरी थेट रिपॉझिटरीत, म्हणजे आमच्या कोडच्या साठ्यात, आणून ठेवली होती. मूळ पॅकेजमधली सुरक्षेची एक त्रुटी पुढे दुरुस्त झाली आणि ती दुरुस्ती आमच्या प्रतीत आणण्याचे काम माझ्याकडे आले. डिफ, म्हणजे दोन प्रतींमधल्या फरकांची यादी, काढला तर जवळजवळ प्रत्येक ओळ बदललेली दिसली, कारण प्रत आणल्यावर तिच्यावर फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारे साधन, चालवला गेला होता आणि टॅबच्या जागी स्पेस आल्या होत्या. मोकळ्या जागांचे फरक वगळून पुन्हा डिफ काढला, तेव्हा खरा बदल एका ओळीचा, एका अटीचा निघाला. ती अट कशासाठी घातली होती, हे शोधण्यात माझे दोन दिवस गेले. कमिटच्या, म्हणजे रिपॉझिटरीतल्या बदलाच्या नोंदीच्या, संदेशात केवळ ‘फिक्स’ असे लिहिलेले होते.

परवान्याची फाइलही त्या प्रतीत नव्हती. मुक्त कोडसाठी वापरला जाणारा एमआयटी परवाना आपल्याकडून फार थोडे मागतो: मूळ स्वामित्वाची सूचना आणि परवान्याचा मजकूर प्रत्येक प्रतीसोबत राहू द्या. तेवढेही न पाळणे हा लिहिणाऱ्यावर अन्याय आहे. जीपीएल या मुक्त कोडच्या आणखी एका परवान्याची दुसरी आवृत्ती १९९१ची. बदललेली फाइल पुढे वितरित करताना तिच्यात बदल केल्याची आणि त्याच्या तारखेची ठळक सूचना असावी, असे तिच्यात स्पष्ट म्हटले आहे. ही अट मला कायद्यापेक्षाही कारागिरीची वाटते.

प्रत जवळ ठेवणेच सुरक्षित, असे काही सहकारी म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजच्या सार्वजनिक साठ्यावरून काढून घेतले आणि त्यावर अप्रत्यक्षपणे विसंबलेले असंख्य बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्राम तयार करण्याच्या प्रक्रिया, बंद पडले. तेव्हा प्रत जरूर ठेवावी. पण मूळ आवृत्तीचा क्रमांक लिहून, मूळ कोड आधी जसाच्या तसा कमिट करून, आणि आपला बदल वेगळ्या कमिटमध्ये कारणासह ठेवून.

आमच्या त्या अटीसाठी मी एक टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का हे तपासणारा छोटा कोड, लिहिली आणि अट व टेस्ट मूळ पॅकेजकडे पाठवली. सांभाळणाऱ्यांनी लीप वर्षासाठी आणखी एक टेस्ट मागितली. ती दिल्यावर बदल स्वीकारला गेला. पुढची आवृत्ती आली, त्याच आठवड्यात आम्ही आमची प्रत काढून टाकली.