गॅस डिटेक्टरची किंमत आणि ‘दोनशे रुपयांचा सेन्सर’

‘मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या कामगारांसाठीचा चार वायूंचा गॅस डिटेक्टर तीस-चाळीस हजारांना विकणे ही शुद्ध लूट आहे, आत दोनशे रुपयांचा सेन्सर असतो, तो मागवून कोणताही विद्यार्थी हे यंत्र बनवील, आणि मागणी वाढली की भाव आपोआप उतरेल’, असा दावा सध्या फिरतो आहे. त्यामागचा संताप रास्त आहे; हिशेब मात्र चुकलेला आहे.

मुळात डिटेक्टरमधला सेन्सर हा दोनशे रुपयांचा नव्हेच. दोनशे रुपयांना मिळतो तो एमक्यू-१३५सारखा मेटल ऑक्साइडचा सेन्सर अमोनिया, अल्कोहोल, धूर अशा सगळ्यांनाच प्रतिसाद देतो, पण समोर नेमका कोणता वायू आहे हे सांगत नाही; दमटपणा बदलला की त्याचे आकडे हलतात, आणि गटारात दमटपणाला तोटा नसतो. व्यावसायिक यंत्रात हायड्रोजन सल्फाइडसाठी, म्हणजे गटारातल्या सडक्या अंड्यांच्या वासाच्या विषारी वायूसाठी, स्वतंत्र विद्युत-रासायनिक सेल (वायूशी अभिक्रिया होऊन वीज निर्माण करणारा सेन्सर) असतो आणि पहिला इशारा सहसा १० पीपीएमलाच (हवेच्या दहा लाख भागांत दहा भाग) वाजतो. हा वायू साधारण १०० पीपीएमला पोहोचला की नाक बधिर होते, त्यामुळे वास थांबला म्हणून निर्धास्त झालेला माणूस नेमका तेव्हाच मरणाच्या दारात असतो.

घरी जोडलेल्या यंत्राबद्दल फार बोलायला नको. जिथे मिथेनसारखा पेट घेणारा वायू साचतो तिथे ठिणगी न पडणारे, तपासून प्रमाणित केलेले यंत्रच न्यावे लागते, आणि त्या प्रमाणनाचा खर्च शंभर यंत्रे विकली काय किंवा लाख विकली काय, तेवढाच असतो.

मागणीचा मुद्दा सर्वांत फसवा आहे. यंत्र वापरणारा कामगार ते विकत घेत नाही. घेतो तो ठेकेदार किंवा नगरपालिका, तेही सर्वांत कमी दराच्या निविदेवर. सुरक्षा साधनांशिवाय गटारात उतरवण्यास २०१३च्या कायद्याने बंदी आहे आणि ऑक्टोबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली, तरी खरेदी बहुधा एकदाच, कागदापुरती होते. त्यानंतरचा खर्च कोणी धरत नाही. विद्युत-रासायनिक सेल साधारण दोन-तीन वर्षांत संपतात. ऑक्सिजन मोजणारा, शिसे वापरलेला सेल तर यंत्र कपाटात बंद पडून राहिले तरी झिजतो. कॅलिब्रेशनच्या, म्हणजे यंत्राचे आकडे ठरावीक प्रमाणाच्या वायूशी ताडून जुळवण्याच्या, वायूच्या सिलिंडरलाही मुदत असते. अशी तुरळक, एकवेळची मागणी कितीही गाजली तरी तिच्या भरवशावर कोणी इथे सेलचा कारखाना काढणार नाही.

लूट शोधायचीच असेल तर ती सुट्या भागांत शोधावी: दुसऱ्या कंपनीचा सेल न स्वीकारणारी यंत्रे आणि सक्तीचे देखभाल करार यांवर प्रश्न विचारलेच पाहिजेत. त्यासाठी निविदेत यंत्राच्या किमतीऐवजी सेल, सिलिंडर आणि कॅलिब्रेशन धरून पाच वर्षांचा एकूण खर्च मागवावा, म्हणजे स्वस्त कोण आणि महाग कोण हे तिथेच दिसेल.