बघायचं की वाचायचं?

‘सिनेमा बघायला जायचं की वाचायला?’ बडोद्याच्या आमच्या घरच्या ग्रुपवर दादाने हे टाकलं आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. म्हणणं इतकंच की आता दक्षिणेतलं सगळं हिंदीत डब होऊन मिळतं, तरी मूळ भाषा आणि खाली सबटायटल्स असा हट्ट धरणारे नुसता भाव खातात. नाव घेतलं नव्हतं. गरजही नव्हती.

मी त्याच आठवड्यात इथे जर्मनीत, लाइपझिगमध्ये पायल कपाडियाचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ दुसऱ्यांदा बघून आले होते. स्वस्त तिकिटाचा सोमवार, ओएमयू म्हणजे मूळ भाषेत, खाली जर्मन सबटायटल्स, अख्ख्या थिएटरात अकरा माणसं. 2024 मध्ये कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री मिळालेला हा सिनेमा मुंबईतल्या मल्याळी नर्सेसचा. त्यातल्या मल्याळी डॉक्टरला हिंदी काही केल्या जमत नाही. आता करा त्याला हिंदीत डब! हिंदी येत नाही म्हणून तो कुढणार, तेही अस्खलित हिंदीत? छाया कदमची पार्वती हिंदी बोलते तेव्हा मागे कोकण ऐकू येतं. ते कोण डब करणार?

आणि हे बडोदेकराने विचारावं याचा जास्त राग आला. घरात मराठी, ओट्यावर गुजराती, थेटरात हिंदी, शाळेत जायच्या आधीच आपल्या तीन भाषा होतात. शिवाय आपल्याच कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला तेव्हा लोक पडद्यावरच्या पाट्या वाचतच होते की. मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं. वर ‘इथे लोक मूळ भाषेतच बघतात’ अशी एक पुडी सोडून दिली.

दादाचं उत्तर आलं, ‘तू आधी शेवउसळ खायला ये.’

ती पुडीच होती. जर्मनीत सगळं डब होतं, आणि फार मन लावून होतं. हॉलिवूडच्या रॉबर्ट डी नीरोला इथे वर्षानुवर्षं क्रिस्टियान ब्रुकनरचा आवाज आहे. खरा डी नीरो ऐकला तर माझ्या शेजारच्या आजींना तो तोतया वाटेल. याच आजींनी 2004 मध्ये टीव्हीवर शाहरुखला जर्मन बोलताना पाहिलं आणि त्या ढसाढसा रडल्या. ‘कभी खुशी कभी गम’ त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. माझे ते अकरा जण म्हणजे अकराच. पण हे दादाला कशाला सांगायचं?

आणखी एक सांगितलं नाही. त्या सोमवारी मध्येच लक्षात आलं की पडद्यावर हिंदी चाललंय आणि मी खालचं जर्मन वाचतेय. मल्याळमसाठी ठीक आहे, पण हिंदीसाठी? नजर वर ओढली, दोन मिनिटांत पुन्हा खाली. चौदा वर्षांची सवय, दुसरं काय, असं तेव्हा स्वतःला समजावलं.

त्या सिनेमात प्रभा नावाच्या नर्सचा नवरा लग्नानंतर लगेच जर्मनीला निघून गेलाय. फोन नाही, काही नाही. एक दिवस पार्सल येतं, त्यात जर्मन बनावटीचा लालभडक राइस कुकर. चिठ्ठी नाही. रात्री ती तो कुकर मिठीत घेऊन बसते. पहिल्या खेपेला मला तो प्रसंग जरा ताणलेला वाटला होता. या वेळी घरी येऊन आईला फोन केला आणि विचारलं, दिवाळीत पाठवलेलं कॉफीचं मशीन वापरतेस ना?

‘अगं, खोक्यातच आहे,’ आई म्हणाली. ‘त्याची पिन आपल्या बोर्डात बसत नाही. दादा रावपुऱ्यातून दुसरी आणून देतो म्हणालाय. रविवारी येतोच तो, माझ्या गोळ्या घेऊन.’