‘डुप्लिकेट माल’ म्हणणाऱ्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही लिहिलंय की वडिलांसाठी आमच्याकडून ॲसिडिटीच्या पँटोप्राझोल 40 ची 15 गोळ्यांची स्ट्रिप नेली. त्यांना गोळी गिळवत नाही म्हणून चार दिवस रोज नाश्त्यानंतर एक गोळी कुटून चहातून दिली, तरी जळजळ काडीची कमी झाली नाही, म्हणजे माल डुप्लिकेट. उरलेल्या 11 गोळ्या आम्ही परत घेतल्या नाहीत आणि वर गर्दीत नको त्या चौकशा केल्या, हीही तक्रार आहे.

चौकशीबद्दल आधी माफी मागतो. घरातल्या आजारपणाची विचारपूस चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्या आवाजात व्हायला नको होती. दुसरी चूकही आमचीच. पाकिटावर ‘सकाळी 1’ एवढंच लिहून दिलं. ‘उपाशीपोटी, कुटू नये’ हे लिहायला हवं होतं, ते राहिलं.

पण ‘डुप्लिकेट’ हा शब्द फार लागला. औषधाच्या दुकानाला यापेक्षा मोठा डाग नाही, आणि इथे लिहिलेलं सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत सगळे वाचतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण गोळी शंभर टक्के खरी असली तरी तुम्ही दिली तशी दिल्यावर असंच होतं.

ही गोळी ॲसिड कमी करते, पण ती स्वतः ॲसिडमध्ये टिकत नाही. म्हणून तिच्यावर एक कवच चढवलेलं असतं. ते जठरात विरघळत नाही, पुढे लहान आतड्यात गेल्यावर विरघळतं. तिथून औषध रक्तात जातं आणि रक्तातून परत जठराच्या ॲसिड सोडणाऱ्या पेशींपर्यंत येतं. एक गोळी हातात घेऊन नीट बघा, वरचा गुळगुळीत थर म्हणजे तेच कवच. खलबत्त्यात कुटली की त्याचे तुकडे होतात, आतली पूड उघडी पडते आणि जठरात पोचताच बरंचसं औषध नासून जातं. मग ती चहातून दिली काय आणि पाण्यातून दिली काय, सारखंच. अर्धी मोडून किंवा चावून घेतली तरी तेच होतं.

दुसरी गोष्ट वेळेची. जठरातले ॲसिड सोडणारे ‘पंप’ खायला बसलं की जोरात चालू होतात, आणि हे औषध चालू पंपालाच बंद पाडतं. रक्तात ते फार वेळ राहत नाही, साधारण तासाभरात निम्मं होतं. म्हणून नाश्त्याच्या 30 ते 60 मिनिटं आधी, साध्या पाण्याबरोबर, अख्खी गोळी गिळायची. खाऊन झाल्यावर घेतली की ती नेमकी वेळ हुकते. (लूमवर रात्रपाळी करणारे बरेच जण आमच्याकडे येतात, त्यांच्यासाठीही सांगतो: घड्याळातली सकाळ धरू नका, झोपून उठल्यावरच्या पहिल्या जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या.) शिवाय एका गोळीत सगळे पंप बंद होत नाहीत, रोज नवे तयारही होतात. नीट घेतली तरी पुरता गुण यायला 3 ते 5 दिवस लागतात. तोवर जळजळ झाली तर ॲसिडिटीचं पातळ औषध चालतं, मात्र ते आणि बाकीची औषधं यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

आता ती ‘नको ती चौकशी’. आमच्या दुकानातल्या मुलाने विचारलं होतं, गिळायला त्रास कधीपासून होतोय आणि वजन उतरलंय का. वडिलांना गिळवत नाही हे तुम्हीच रिव्ह्यूत लिहिलंय म्हणून इथे बोलतोय. विचारायची जागा चुकली, प्रश्न चुकला नव्हता. वयस्कर माणसाला घास किंवा गोळी अडकल्यासारखी वाटणं, वजन उतरणं, डांबरासारखी काळी शी होणं, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही पडणं, यातलं एक जरी असेल तर नुसती ॲसिडिटीची गोळी देत बसायचं नाही. गोळीने जळजळ थांबते आणि मूळ दुखणं आत झाकलं जातं. अशा वेळी डॉक्टर दुर्बिणीने तपासायचं ठरवू शकतात. हे त्यांना सांगितलं नसेल तर कृपया आजच सांगा.

गिळवत नसेल तर त्यावर उपायही आहे, हेही त्या दिवशी सांगायचं होतं, पण तुम्ही रागाने निघून गेलात. याच जातीच्या काही औषधांच्या कॅप्सूलमध्ये बारीक दाणे असतात आणि प्रत्येक दाण्याला स्वतःचं कवच असतं. अशी कॅप्सूल उघडून दाणे चमचाभर गार, मऊ पदार्थावर टाकून न चावता लगेच गिळता येतात. पाण्यात मिसळून द्यायची पाकिटंही मिळतात. पण प्रत्येक कॅप्सूल उघडायची नसते, आणि औषध बदलायचा अधिकार आम्हाला नाही. चिठ्ठी डॉक्टरांकडूनच बदलून आणावी लागेल.

परत न घेण्याबद्दल: स्ट्रिप एकदा दुकानाबाहेर गेली की ती कपाटात राहिली की मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत, हे आम्हाला कळायला मार्ग नाही. तुमच्या 11 गोळ्या परत घेतल्या असत्या तर त्या दुसऱ्या कुणाच्या तरी वडिलांना विकाव्या लागल्या असत्या. ते आम्ही करत नाही, मग एक स्टार मिळाला तरी चालेल. बिलावर बॅच नंबर छापलेला आहे, तो स्ट्रिपवरच्या नंबराशी ताडून बघा. तरीही शंका असेल तर स्ट्रिप आणि बिल घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या सोलापूर कार्यालयात जरूर जा. आमची काही हरकत नाही.

राहिलेली एक गोष्ट. चिठ्ठी 15 दिवसांची होती. बरं वाटलं म्हणून त्याच चिठ्ठीवर महिनोन्‌महिने गोळ्या नेऊ नका. वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-12 आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, हाडांवरही परिणाम दिसतो. उलट वडील रक्त पातळ करायची किंवा सांधेदुखीची गोळी घेत असतील तर ही गोळी पोटाच्या रक्षणासाठी दिलेली असू शकते, ती मनाने बंदही करू नका. क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ करायची एक गोळी) चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण त्याच्याबरोबर पँटोप्राझोलच्याच जातीची ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळतात.

काउंटरच्या कडेला बोलायला थोडा आडोसा करायचं चाललंय, आणि पाकिटावर सूचना नीट लिहायला मुलांना सांगितलंय.

दुपारी तीन ते पाच दुकानात गर्दी नसते. डॉक्टरांना दाखवून झालं की नवी चिठ्ठी घेऊन या, कुठलं औषध कसं द्यायचं ते बसून, हळू आवाजात समजावून सांगतो.