बी.एड.चा अर्धा पेपर आणि वर्गातलं स्वमग्न मूल

स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल वर्गात रमलं नाही की खापर शिक्षकाच्या डोक्यावर फुटतं. त्या शिक्षकाला कुणी काय शिकवलं होतं, हे मात्र कुणी विचारत नाही. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये समावेशित शाळा, म्हणजे दिव्यांग मुलांना इतरांसोबत एकाच वर्गात शिकवणारी शाळा, हा विषय अर्ध्या पेपरापुरता. अंध, कर्णबधिर, बौद्धिक अक्षम, स्वमग्न, सगळी मुलं त्यातच. व्याख्या पाठ, लक्षणं पाठ, पेपर सुटला.

मी विशेष शिक्षिका म्हणून शाळाशाळांत फिरते. दुसरीतला एक मुलगा खिचडीची वेळ झाली की कानांवर हात दाबून पळायचा. बाईंना वाटायचं, लाडावलाय. त्याला सोसत नव्हता तो स्टीलच्या ताटल्यांचा खणखणाट! मग त्याला जरा आधी, व्हरांड्याच्या टोकाला वाढायला लागलो. भिंतीवर फोटोंची पट्टी लावली: प्रार्थना, गणित, खिचडी, मैदान, घर. एक झालं की तो फोटो त्याने काढायचा आणि डब्यात टाकायचा. पुढे काय होणार ते डोळ्यांना दिसायला लागलं, तसं पळणं कमी झालं. बाई खूप मायाळू आहेत हो, पण हे त्यांना कधी कुणी दाखवलंच नव्हतं.

फोटोंच्या पट्टीची ही पद्धत अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातली. एरिक शॉप्लर आणि सहकाऱ्यांनी 1960च्या दशकात पालकांना बरोबरीने घेऊन काम सुरू केलं. पालकांनी राज्याच्या विधिमंडळापर्यंत पाठपुरावा केला आणि 1972 मध्ये 'टीच' हा कार्यक्रम राज्यभरासाठी उभा राहिला. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की विद्यापीठ पदवी देऊन मोकळं झालं नाही. गावोगावच्या पालकांसाठी, शिक्षकांसाठी केंद्रं काढली.

आपल्याकडे कायदा आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं 47वं कलम सांगतं की शिक्षकांच्या सगळ्या अभ्यासक्रमांत दिव्यांगत्वाचा भाग हवा. विशेष शिक्षकांची पदं भरा म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये बजावलं, मार्च 2025 मध्ये पुन्हा बजावलं. पदं भरायलाच हवीत. पण माझ्यासारखी बाई एका शाळेत रोज थोडीच पोचते? बाकीचे दिवस ते मूल वर्गशिक्षकाच्याच हवाली.

म्हणून माझी मागणी विद्यापीठांकडे आहे. बी.एड.च्या 20 आठवड्यांच्या इंटर्नशिपमधले निदान दोन आठवडे स्वमग्न मूल असलेल्या वर्गात जाऊ द्या, अनुभवी विशेष शिक्षकाच्या हाताखाली. त्या मुलाच्या आईला एक तास कॉलेजात बोलवा आणि रीतसर मानधन द्या; तिच्याइतकं त्याला कुणी ओळखत नाही. आणि पास होऊन नोकरीला लागलेल्या शिक्षकाला अडलं तर फोन उचलणारं, वर्गात येऊन बघणारं कुणीतरी शिक्षणशास्त्र विभागात असू द्या. एका दिवसाची कार्यशाळा आणि प्रमाणपत्र यावर भागत नाही.

बी.एड. कॉलेजातले बरेच प्राध्यापक माझं लिखाण वाचतात. सर, मॅडम, यंदा इंटर्नशिपच्या शाळा ठरवताना अशी एक शाळा घ्याल का? शाळा मी सुचवते, पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्यांसोबत वर्गात बसायलाही येते.