खुलासा : मुलाला मनाच्या डॉक्टरला दाखवल्याने 'नाव लागत' नाही

तालुक्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे : 'लहान पोरांना टेन्शन नसते. मनाच्या डॉक्टरकडे नेले की नाव सरकारी यादीत लागते, पुढे नोकरी आणि लग्न अडते.' हे खोटे आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 23 नुसार उपचाराची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

आता टेन्शनचे. कपाशी हातची गेली, घरात कर्जाचे बोलणे सुरू झाले, की ते पोरही ऐकत असते. मोठ्यांसारखे ते सांगत नाही. शाळेच्या वेळी पोट दुखते, अंथरूण ओले करायची सुटलेली सवय पुन्हा सुरू होते, गोट्या खेळणारे पोरगे कोपऱ्यात बसते. (पोटदुखी आधी डॉक्टरला दाखवाच.) आपल्याकडे याला 'बाहेरचे' म्हणून अंगारा लावतात आणि महिने निघून जातात, याचे फार वाईट वाटते. घरचे स्वतःच खचलेले असतात, त्यांना हे दिसेलच असे नाही. शेजारीण, अंगणवाडीताई, गुरुजी यांना दिसते. त्यांनी बोलावे.

टेली-मानस (मनाच्या त्रासासाठी सरकारी फोनसेवा), 14416 : फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येते. जिल्हा रुग्णालयातही विचारा.