‘पहिल्या गाडीनं घरी धाडा’ म्हणणाऱ्या सरांना उत्तर

सर, नमस्कार.

स्वारगेटवर सापडणाऱ्या, घरातून पळून आलेल्या मुलांवरचा माझा लेख तुम्ही वाचलात आणि रागावून का होईना, सविस्तर लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : स्टँडवर अशा पोरांकडे लक्ष ठेवणारे आम्ही लोक त्यांना खाऊपिऊ घालून शेफारवून ठेवतो. त्यांना पहिल्या गाडीनं आईबापांकडे धाडावं, बाकीचं पोलीस बघतील. आणि मी एका मुलीला रात्रभर घरी ठेवून घेतलं, ते तर माझ्या चांगलंच अंगलट आलं असतं.

शेवटच्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे. 1098 ला, म्हणजे अडचणीतल्या मुलांसाठीच्या मदतीच्या नंबरला, फोन मी सकाळी केला, तो रात्रीच करायला हवा होता. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या आदेशापासून 18 वर्षांखालचं मूल बेपत्ता झालं की पोलीस अपहरणाचाच गुन्हा नोंदवतात. माझ्या मनात काय होतं, ते कागदावर कुठं दिसणार? आता आमच्यात ठरूनच गेलंय : आधी पाणी, लगेच फोन, मग खाणं. घरी कुणीही नेत नाही.

पण ‘पहिल्या गाडीनं घरी’ हे मला पटत नाही, आणि ते त्याच मुलीमुळे. लेखात तिच्याबद्दल मी हात राखून लिहिलं होतं. आज थोडं जास्त सांगते.

ती आम्हाला दिसलीच नव्हती. स्वच्छतागृहावरच्या मावशींनी कळवलं, की एक पोरगी तिसऱ्यांदा पैसे देऊन आत गेलीय. का, तर आत कडी लावता येते. बाहेर आली तेव्हा स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या. वडापाव घ्यायला हात पुढं आला आणि हिरवा चुडा दिसला. बांगड्या वाजू नयेत म्हणून तिनं त्यांवर रुमाल आवळून बांधला होता. वय 16. लग्न चार दिवसांवर.

दुसऱ्या दिवशी चौकीत बसलो होतो, तेव्हा जीप आली. तीत वडील होते आणि नवऱ्या मुलाचे मामा. सर, तुमच्या म्हणण्याप्रमाणे मी तिला त्या जीपमध्ये बसवायला हवं होतं. आईबापच ते! पण कायदाही तसं करू देत नाही. 2015 च्या बाल न्याय अधिनियमात, पळून आलेलं मूल असो की लग्नाच्या बोहल्यावर चढवलं जाणारं, दोघांनाही काळजी व संरक्षणाची गरज असलेलं मूल म्हटलंय. त्याला 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. समिती घरची चौकशी करवते आणि मगच मूल कुणाच्या हवाली करायचं ते ठरवते. ती मुलगी शेवटी तिच्या स्वतःच्या मावशीकडे गेली.

तुमच्या बाजूची उदाहरणं नाहीत असं नाही. आमच्या अनुभवात तर तीच जास्त. दहावीच्या निकालानंतर सोलापूरकडच्या गाडीतून एक मुलगा उतरला, गणितात राहिलेला. शाळेचंच दप्तर, आत एक शर्ट आणि मोबाईल नसताना चार्जर. 1098 च्या ताईंनी वडिलांना फोन लावला. पलीकडून आधी शब्दच फुटेना. मग एवढंच, “जेवला का तो?” ते वडील धावत आले, रीतसर सगळं पार पडलं आणि पोरगा घरी गेला. पण फोन लागेपर्यंत मला हे कळावं कसं? ती मुलगी आणि हा मुलगा, दोघंही त्याच भिंतीला टेकून तसेच गप्प बसले होते.

आणि शेफारण्याचं म्हणाल, तर वडापाव मिळेल म्हणून कुणी घर सोडत नाही हो. आम्ही नाही विचारलं तर दुसरा कुणीतरी विचारतोच. “हॉटेलात काम आहे, राहणं-खाणं फुकट,” असं सांगत फिरणारी माणसं स्टँडवर मी पाहिली आहेत. त्यांना ना समिती लागते ना कागद. पोरगं एकटं आहे हे हेरायला त्यांना दहा मिनिटं पुरतात. पोलीस बोलावल्यावर येतात, पण बोलवायला आधी कुणाच्या तरी लक्षात यायला हवं ना? चहावाला, कंडक्टर, रिक्षावाले, त्या मावशी, यांच्याच ते लक्षात येतं. मुंबईत 1996 साली सुरू झालेली 1098 ही सेवा 2023 पासून सरकारी यंत्रणेकडे गेली आणि 112 शी जोडली गेली. नंबर तोच आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो. तरी स्टँडवरच्या निम्म्या लोकांना तो सांगावा लागतो, याचं मला फार वाईट वाटतं.

तुम्ही 31 वर्षं गणित शिकवलंत असं लिहिलंय. निकालाच्या आठवड्यात आम्ही संध्याकाळी सहा ते दहा उपाहारगृहापाशी असतो. नापास झालेल्या मुलाशी काय बोलावं, ते आमच्यापेक्षा तुम्हाला नक्कीच चांगलं ठाऊक असेल. याल का, सर?