रांगोळी स्पर्धा नको, बदली माणूस द्या

१२ मे जवळ आला की हॉस्पिटलांत परिचारिका दिनाची रांगोळी स्पर्धा लागते. परीक्षक येतात, फोटो निघतात, नंबर काढले जातात. रात्रपाळी संपवून सकाळी आठला सुटलेली सिस्टर दहापर्यंत थांबून ठिपके मोजते आणि मग घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. याला ‘स्टाफच्या मानसिक आरोग्याचा उपक्रम’ म्हणत असाल तर म्हणा. माझ्या लेखी ती जादा पाळी आहे.

ताण हलका करायला कलेचा उपयोग होतो, यात शंका नाही. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, मार्कर, कोलाज यांतलं काहीही करायला दिलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, मोजलं. सुमारे ७५ टक्के लोकांचं ते उतरलं. आधी चित्रकला केलेली असो वा नसो, फरक पडला नाही. लोक थोडे होते, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे याला औषध म्हणून विकू नका. पण ‘मला कुठं चित्र येतंय’ या वाक्याला एवढं उत्तर पुरेसं आहे.

आणि हे वाक्य कोल्हापुरात जरा जास्तच ऐकू येतं. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर अशा चित्रकारांच्या गावात कागदावर वेडीवाकडी रेघ ओढायला माणूस लाजतो. म्हणून वॉर्डात स्टाफ आणि नातेवाइकांसाठी असं सत्र घ्यायचं तर सुरुवात मातीपासून करावी. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, मातीचे बैल केलेले हात इथं पुष्कळ आहेत, त्यांना शिकवावं लागत नाही. वॉर्डातल्या मावशी आणि मामा तर डॉक्टरांच्या आधी शिंगं काढून मोकळे होतात.

माणशी ३०० ग्रॅम ओली शाडू लागते. वीस जणांना सहा किलो. आदल्या रात्री भिजवून ओल्या फडक्याखाली ठेवायची, सकाळी मळायची. बोटाएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळून बघा: तडकली तर पाणी कमी, तळव्याला चिकटली तर जास्त. बैलाचं पोट भरीव आणि जाड केलं की वाळताना भेगा पडतात, कारण वरचा थर आधी आकसतो आणि आतला ओलाच असतो. मुठीत मावेल एवढंच करू द्या. कुंभार गल्लीतून माती आणायची तर गणपतीच्या तोंडावर जाऊ नका, त्या दिवसांत तिथं कुणाला मान वर करायला सवड नसते.

चुका ठरलेल्या आहेत. हात थेट बेसिनमध्ये धुतले की पाइप तुंबतो, म्हणून आधी बादलीत. सुकलेली धूळ झाडूनं उडवायची नाही, ओल्या फडक्यानं टिपायची. सॅनिटायझरनं हात फुटलेले असतील, जखम असेल, तर माती नको. केमोवरच्या रुग्णाजवळही ओली माती न्यायची नाही, तिला बुरशी धरते. तिथं नवे कोरे तेलखडू आणि जाड कागद. वॉटरकलर खाटेवर सांडतो, तो विचार सोडून द्या.

सगळ्यात मोठी चूक मात्र मातीत नसते. खाटेशेजारी बसलेल्या नातेवाइकाला ‘या, मन रमवा’ म्हणायचं आणि सलाइन संपायला आलं तर बघायला कुणी ठेवायचं नाही! तो दहा मिनिटांत उठून जातो, आणि आपण म्हणतो प्रतिसाद नाही. ४५ मिनिटं हवीत तर ४५ मिनिटांचा बदली माणूस ड्युटी-चार्टवर नावानिशी लिहा. स्टाफसाठी वेळ ड्युटीतलाच धरा, दुपारी दोनला पाळी बदलल्यावरचा नको. एवढं जमत नसेल तर माती आणूच नका.

सत्र घेणाऱ्या माणसानं ‘वा, छान’ म्हणू नये. म्हटलं की शेजारचा आपला बैल झाकतो. ‘यातून तुमचं दुःख दिसतं’ हे तर अजिबात नको. कुणाला रडू आलं तर पाणी द्यावं, शेजारी बसावं, विचारू नये. नंतर बोलायचं असेल तर समुपदेशक कुठं बसतो हे माहीत हवं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही भिंतीवर असू द्या.

घरी अर्धांगवायूचा रुग्ण सांभाळणारीला यातलं काहीच मिळत नाही. तिच्यासाठी जुन्या लुगड्याची वाकळ, म्हणजे गोधडी, बरी: धावदोरा कुठंही थांबवता येतो, पुन्हा कुठूनही धरता येतो. रुग्णाचा एक हात चालत असेल तर कापड ताणून धरायचं काम त्याच्याकडे द्यावं. सुई मात्र दोरा ओवलेलीच ठेवायची, अंथरुणात हरवली तर दोऱ्यानं सापडते.

वॉर्डातले बैल प्रदर्शनात मांडायचे नाहीत. मांडले की पुढच्या खेपेला स्पर्धा सुरू होते. ज्याला हवा त्यानं घरी न्यावा, उरलेले पूर्ण वाळू द्यावेत आणि मग पाण्यात टाकावेत. अर्धवट ओला गोळा पाण्यात नीट विरघळत नाही. खडखडीत वाळलेला असला की बुडबुडे सोडत आपोआप ढासळतो आणि रात्रीत त्याची पुन्हा माती होते.